रे. स्टीफन हिस्लॉप : पाषाण वाचणारे शिक्षक

आमच्या जालना जिल्ह्यातील मुले दरवर्षी दहावीच्या परीक्षेस बसतात. अग्निजन्य खडकाविषयी प्रश्न आला म्हणजे पुस्तकातील ओळ ती बिनचूक लिहितात. परंतु आपल्या शेतातील विहीर त्याच खडकात खोदलेली आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. भूशास्त्र हा स्वतंत्र विषय बारावीस ऐच्छिक असल्यामुळे पुष्कळांची या विद्येशी ओळख तेथेच संपते. म्हणून एका जुन्या शिक्षकाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

हिस्लॉपसाहेबांचा जन्म इ. स. १८१७ साली स्कॉटलंडातील डन्स गावी झाला. जालन्याजवळ बेथेल वसविणारे रे. नारायण शेषाद्री ज्या फ्री चर्चचे सेवक होते, त्याच मंडळीने साहेबांस इकडे पाठविले. १८४५ साली ते नागपुरास आले व १८४६ साली त्यांनी तेथे शाळा काढली. भूशास्त्राचे त्यांचे वर्ग म्हणजे डोंगर, नाले व खाणी.

१८५१ साली त्यांस व त्यांचे सोबती रे. रॉबर्ट हंटर यांस टाकळीजवळ दगडात शंख सापडले. ते समुद्रातील नव्हते, गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे होते. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ होता. यावरून उलगडा झाला की, भूमीतून तप्त रस वाहून थिजला, मग दीर्घ काळ शांतता राहिली, तळी भरली, त्यांत जीव नांदले, आणि पुन्हा रसाने सर्व झाकून टाकले. ही घडामोड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची, असे आता शास्त्रज्ञ सांगतात. साहेबांनी हे जीवावशेष जपून विलायतेस पाठविले. पुढे एका हिरव्या खनिजास त्यांचे नाव मिळाले. सुवार्तिकाने दगडांच्या पुराव्यास भ्यावे, असे त्यांस कधी वाटले नाही.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून ते घोड्यावरून परतत होते. अंधार पडला होता व पावसाने नाला फुगला होता. घोडा रिकामा परतला; साहेब बुडाले. त्यांचे वय पंचेचाळीस होते. १८८३ साली निघालेले नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचे आहे.

शिक्षकबंधूंनो, परीक्षेपूर्वी एक दिवस मुलांस विहिरीच्या काठी न्या. मुरूम कोठे संपतो, काळा पाषाण कोठे लागतो, मध्ये तांबडा पट्टा आहे काय, हे त्यांसच शोधू द्या. त्यास पैसा लागत नाही, आणि जे डोळ्यांनी पाहिले ते उत्तरपत्रिका दिल्यावरही विसरत नाही.