न्यायमूर्ती केशवराव कोरटकर

निजामी राजवटीतील हैदराबाद संस्थानात प्रजेचा फार मोठा भाग मराठी, कन्नड व तेलुगू बोलणारा होता. राज्यकारभाराची भाषा मात्र दीर्घकाळ फारसी होती आणि 1884 च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे या संस्थानातील सुभ्याचे ठिकाण. 1905 च्या फेररचनेनंतर बीदर, रायचूर आणि उस्मानाबाद हे जिल्हेही याच सुभ्यात मोडू लागले. या भागातील शेतकरी वा वतनदार अदालतीत जाई तेव्हा त्याच्या जवळचे जुने कागद मोडी लिपीत असत, गाऱ्हाणे मराठीत किंवा कन्नडमध्ये असे आणि निवाडा त्याला न उमजणाऱ्या भाषेत होई. पक्षकार आणि न्यायासन यांच्यामधील हे अंतर वकिलाला भरून काढावे लागे. ज्या मराठी वकिलांनी हे काम निष्ठेने केले आणि त्यातून मिळालेली प्रतिष्ठा समाजाच्या कारणी लावली, त्यांत न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

केशवरावांचा जन्म 1867 साली परभणी जिल्ह्यातील वसमत तालुक्यात पुरजळ या गावी झाला. हा भाग आज हिंगोली जिल्ह्यात आहे. मराठवाड्यातील या खेडेगावातून ते गुलबर्ग्यास आले आणि वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी तेथेच व्यवसायास आरंभ केला. त्या काळी संस्थानात वकिलांचे दर्जे ठरलेले असत आणि विद्यापीठाची पदवी नसतानाही संस्थानची परीक्षा देऊन सनद मिळविता येई. सामान्य घरातील बुद्धिमान तरुणाला वर येण्याचा हा एक मार्ग होता. मात्र कायद्याइतकेच उर्दूवर प्रभुत्व मिळविल्यावाचून त्याचा उपयोग नव्हता. केशवरावांनी ते मिळविले.

गुलबर्ग्यात जम बसल्यानंतर ते राजधानी हैदराबादेस गेले. तेथील वरिष्ठ न्यायालयात नामांकित वकील म्हणून त्यांचा लौकिक झाला आणि पुढे त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत ते पोहोचले. मुस्लिम राजसत्तेच्या दरबारी भाषेत वाद करणारा एक मराठी ब्राह्मण केवळ गुणांच्या बळावर न्यायासनावर बसतो, ही त्या काळातील लक्षणीय घटना होती.

परंतु केशवरावांचे खरे मोठेपण न्यायालयाबाहेर दिसते. जी भाषा शिकून ते वर आले, ती शिकण्याची संधी लाखो मुलांना नव्हती, आणि स्वतःच्या भाषेत शिकण्याची सोय तर त्याहून दुर्मिळ होती. 1907 साली विठ्ठलराव देऊळगावकर यांच्या पुढाकाराने गुलबर्ग्यात नूतन विद्यालयाची स्थापना झाली, तेव्हा केशवरावांचे पाठबळ त्या कार्यामागे उभे राहिले. त्याच सुमारास हैदराबादेत वामनराव नाईक प्रभृतींच्या सहकार्याने विवेकवर्धिनी ही संस्था उभी राहिली. या दोन संस्थांनी मराठी कुटुंबांच्या अनेक पिढ्या घडविल्या. सरकारची इतराजी ओढवू न देता पण सरकारच्या दारी हात न पसरता शाळा चालविणे हे तेव्हा जिकिरीचे काम होते. कायद्याची मर्यादा कोठवर आहे आणि तिच्या आत किती करता येते, हे जाणणारा माणूस अशा वेळी संस्थेला हवा असे.

धर्मसुधारणेच्या क्षेत्रात ते आर्य समाजाचे अनुयायी होते. हैदराबादेत आर्य समाजाची स्थापना 1892 साली झाली, आणि तेथील समाजाचे नेतृत्व केशवरावांनी केले. आपले विचार त्यांनी प्रथम स्वतःच्या घरात आचरले. पुत्र विनायकराव यांना त्यांनी हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात शिक्षणासाठी पाठविले. तेथील पदवीला सरकारी नोकरीच्या बाजारात किंमत नव्हती आणि मुलांना वर्षानुवर्षे घरापासून दूर राहावे लागे. यशस्वी वकिलाने आपल्या मुलाला रुळलेल्या वाटेने न नेता या वाटेला लावावे, यात मोठा त्याग होता. विनायकराव तेथून विद्यालंकार होऊन बाहेर पडले आणि नंतर इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले.

या कार्याला एक उणी बाजूही होती, ती दृष्टीआड करणे योग्य नव्हे. नोव्हेंबर 1921 मध्ये विवेकवर्धिनीच्या सभागृहात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली संस्थानची सामाजिक परिषद भरली. तेथे एका वकिलाने तेलुगूत भाषण सुरू करताच श्रोत्यांनी हुल्लड केली. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी त्याच रात्री आंध्र जनसंघाची मुहूर्तमेढ रोवली. उर्दूच्या वर्चस्वाने पोळलेल्या समाजालाही शेजाऱ्याच्या भाषेचा मान राखता आला नाही. पुढे 1956 साली बीदर व गुलबर्गा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले आणि येथील मराठी माणूस स्वतःच अल्पसंख्य झाला, तेव्हा या प्रसंगाचा अर्थ त्याला अधिक उमगला असेल.

केशवरावांचा मार्ग सनदशीर होता. संस्थानातील राजकीय परिषदा काकीनाडा, मुंबई, पुणे, अकोला अशा संस्थानाबाहेरच्या शहरांत घ्याव्या लागत आणि 1929 च्या गश्ती निशाण 53 ने जाहीर सभांवर कडक निर्बंध घातले. अशा परिस्थितीत अर्जविनंत्यांनी काय साधणार, असे पुढच्या पिढीला वाटू लागले. हा आक्षेप निराधार नव्हता. मात्र त्या पिढीतील कितीतरी तरुण ज्या शाळांत शिकले, त्या याच संथ, चिवट मार्गाने उभ्या राहिल्या होत्या.

21 मे 1932 रोजी केशवरावांचे निधन झाले. विनायकरावांनी पित्याचा वारसा समर्थपणे पुढे नेला. रझाकारांच्या अत्याचारांच्या काळात, 1948 मध्ये, न्यायालयांवर बहिष्कार घालणाऱ्या वकिलांचे ते अग्रणी होते. संस्थान मुक्त झाल्यावर ते मंत्री झाले आणि 1957 साली हैदराबादेतून लोकसभेवर निवडून गेले. केशवरावांच्या स्मरणार्थ 1940 साली स्थापन झालेली केशव मेमोरियल शिक्षणसंस्था हैदराबादेत नारायणगुडा भागात आहे.

कायद्याच्या ग्रंथांनी केशवरावांना न्यायासनापर्यंत नेले, आणि तेथवर पोहोचलेल्या या गृहस्थाने इतरांच्या हाती पुस्तक पडावे म्हणून आपली प्रतिष्ठा खर्ची घातली. वाचनाचे ऋण फेडण्याची याहून उजळ रीत नाही. सीमाभागातील प्रत्येक मराठी शाळा आणि ग्रंथालय त्यांचे कृतज्ञ राहील.