अपलँडच्या पाटीवरचा टेलर

इंडियानापोलिसहून आय-६९ ने उत्तरेला तासाभरावर अपलँड नावाचं गाव आहे. वस्ती चार हजारांच्या आत. मुलीच्या मैत्रिणीला तिथल्या टेलर युनिव्हर्सिटीत सोडायला गेलो, तेव्हा नावाचं हसूच आलं. चहूकडे मक्याची सपाट शेतं आणि नाव म्हणे 'उंचावरचं गाव'! मग कळलं, १८६७ मध्ये रेल्वे आली, तिच्यासोबत गाव वसलं, आणि त्या मार्गावरची उंच जागा म्हणून हे नाव पडलं. मी इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला. घाट चढून आलेल्या गाड्या पाहणाऱ्याला ही उंची कशी पटणार?

पण मला थांबवलं ते 'टेलर' या नावाने. हे विल्यम टेलर आपल्या मुंबईत येऊन गेलेले!

जन्म १८२१ चा, व्हर्जिनियातला. मेथडिस्ट पंथाचे प्रचारक. १८४९ मध्ये सोन्यासाठी जग कॅलिफोर्नियाकडे धावत होतं, तेव्हा हेही बायकोमुलांना घेऊन जहाजाने केप हॉर्नला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. वाटेत समुद्रावरच मुलगी झाली, तिचं नाव ठेवलं ओशियाना. पोहोचल्यावर घर परवडेना, तर खाडीपलीकडे जाऊन स्वतः रेडवूडची झाडं तोडली आणि घर बांधलं. जुगारअड्ड्यांच्या चौकात उभं राहून भर रस्त्यात प्रवचनं द्यायची, हा त्यांचा खाक्या. खलाशांसाठी त्यांनी प्रार्थनागृह उभारलं, पण त्यापायी डोक्यावर मोठं कर्ज झालं. ते फेडायला पुस्तकं लिहून विकत गावोगाव हिंडू लागले, आणि ते हिंडणं पुढे थांबलंच नाही. ऑस्ट्रेलियाहून त्यांनी बायकोला कॅलिफोर्नियात निलगिरीचं बी पाठवलं होतं. परदेशातून घरी काहीतरी पाठवायची सवय आपल्याच पिढीची नाही तर!

१८७० च्या नोव्हेंबरात ते हिंदुस्थानात उतरले, आधी लखनौ, मग १८७१ च्या शेवटी मुंबई. मोठं चर्च बांधायची घाई नाही. लोकांच्या घरी बैठका भरवायच्या. ऐकायला येणारे बरेचसे अँग्लो-इंडियन, त्यांत रेल्वेत नोकरी करणारेही होते. मुंबईपाठोपाठ पुणं, कलकत्ता, मद्रास, बंगळूर. त्यांचा एक हट्ट मला आवडला: अमेरिकेहून पैसा मागायचा नाही, इथल्या मंडळींनी आपलं चर्च आपल्या खर्चाने चालवायचं. हे वरिष्ठांना फारसं रुचलं नाही, पण त्यांनी सोडलं नाही. मुंबईत त्यांना जॉर्ज बोवेन भेटले. हेही अमेरिकन, १८४८ पासून मुंबईत, मराठी शिकलेले, पगार नाकारून साध्या खोलीत राहणारे. ते टेलरांना येऊन मिळाले. बोवेन १८८८ मध्ये मुंबईतच गेले, चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी न जाता.

टेलर १८७५ मध्ये परतले, पुढे दक्षिण अमेरिका, आणि १८८४ मध्ये आफ्रिकेचे बिशप झाले. फोर्ट वेनच्या एका कॉलेजने १८९० मध्ये त्यांचं नाव घेतलं. ते कॉलेज तेव्हा कर्जात बुडालेलं. तिथे १८९१ मध्ये लायबेरियाहून सॅम्युअल मॉरिस हा तरुण शिकायला आला. कोणालाच नको असलेली खोली त्याने मागून घेतली, असं सांगतात. इंडियानाची थंडी त्याला मानवली नाही, १८९३ च्या मेमध्ये तो वारला. त्याची गोष्ट ऐकून लोकांनी देणग्या दिल्या. त्याच वर्षी कॉलेज अपलँडला हललं, कारण तिथे जमिनीखाली गॅस सापडून गावाला बरकत आली होती आणि गावाने जमीन देऊ केली. गॅस पुढे संपला, कॉलेज राहिलं. आवारात मॉरिसचे पुतळे आहेत. खरं सांगतो, टेलरांच्या पाटीपेक्षा मी त्यांच्यापुढे जास्त वेळ उभा राहिलो. घरापासून इतक्या लांब, इतक्या थंडीत...

रात्री आईला फोनवर हे सगळं सांगितलं. मला वाटलं, इगतपुरीची आठवण काढेल. तिने विचारलं, ह्या टेलरांची बायको एवढी वर्षं कुठे होती? मी म्हटलं, ॲन कॅलिफोर्नियात, मुलं सांभाळत. काही मुलं लहानपणीच गेली. नवरा चार-चार वर्षं दुसऱ्या खंडात. आई गप्प झाली. बाबा गेले तेव्हा मला तिकीट मिळून पोहोचायला तीन दिवस लागले होते, ते दोघांनाही आठवलं असणार.

मग तिने विचारलं, शेवटी तरी घरी आले का? आले, म्हटलं. १८९६ मध्ये निवृत्त झाले, पंचाहत्तराव्या वर्षी. १९०२ च्या मेमध्ये पालो आल्टोला गेले.

म्हणजे सहा वर्षं, आई म्हणाली, आणि डिसेंबरचं तिकीट काढलंस का, ते विचारलं.