कै. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर

आपल्या घरोघरी महाभारताची पोथी श्रद्धेने जपलेली असते. परंतु तीतील कोणता श्लोक मूळचा व कोणता मागाहून आलेला, हा प्रश्न फारच थोड्यांस पडतो. ज्यांनी तो प्रश्न आयुष्यभर वाहिला, त्या डॉ. सुकथनकरांचे अल्प चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

डॉक्टरांचा जन्म १८८७ साली झाला. केंब्रिजला गणित व पुढे बर्लिनला ल्यूडर्स पंडितांपाशी संस्कृत, असा त्यांचा विद्याक्रम. १९२५ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादकत्व त्यांजकडे सोपविले.

पाटी कोरी नव्हती. सतराव्या शतकात मूळचे कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर यांनी काशीस राहून नाना देशींच्या पोथ्या मिळविल्या व टीका लिहिली. छापखाने आल्यावर त्यांचाच पाठ घरोघर गेला. १९२३ साली उत्गीकरांनी विराटपर्वाची नमुना आवृत्तीही काढली होती. डॉक्टरांनी नीलकंठी पाठ टाकला नाही. मात्र तो अनेक साक्षीदारांतील एक म्हणून घेतला. काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथ्यांची साक्ष त्यांस अधिक मोलाची वाटली. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी तर नीलकंठाचाच पाठ छापून खाली पाठभेद द्यावेत, असे सुचविले होते. डॉक्टरांनी ते मानले नाही.

गणपती व्यासांचा लेखनिक झाला, ही आबालवृद्धांची आवडती कथा त्यांनी मूळ संहितेतून काढली. हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस वाईट वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. परंतु कथा नाहीशी केलेली नाही, ती परिशिष्टात आहे. वगळलेला मजकूर तळटीपांत वा परिशिष्टांत छापलेला असल्यामुळे पुढील अभ्यासकास डॉक्टरांचाच निर्णय फिरवावासा वाटला, तर त्याची सामग्री त्याच ग्रंथात सापडते.

आदिपर्व १९३३ साली पुरे झाले. पुढे नेपाळात राजगुरू हेमराज पंडितांपाशी त्या पर्वाची फार जुनी पोथी मिळाली, आणि तिने सिद्ध केलेल्या पाठास बहुतांशी दुजोराच दिला! कष्टांचे असे फळ हयातीत पाहावयास मिळणे दुर्मिळ.

२१ जानेवारी १९४३ रोजी डॉक्टर निवर्तले. मुंबई विद्यापीठातील महाभारतार्थावरील त्यांच्या व्याख्यानमालेतील अखेरचे व्याख्यान द्यावयाचे राहिले. संपादनाची धुरा बेलवलकरांनी व त्यांच्यामागून प. ल. वैद्यांनी वाहिली, आणि १९६६ साली ग्रंथ पूर्ण झाला. इरावतीबाई कर्व्यांचे ‘युगान्त’ ज्यांनी वाचले असेल, त्यांनी ह्याच संहितेच्या आधाराने केलेले विवेचन वाचले आहे.