गव्हाचा राखणदार : डॉ. बेंजामिन पिअरी पाल

आम्हा बडोदेकरांच्या ताटात गव्हाची पोळी रोजचीच. ती ताटात येण्यापूर्वी शेतात कोणते संकट टळले, याचा विचार आपण क्वचितच करतो. शलमोन राजाने मंदिराच्या समर्पणवेळी केलेल्या प्रार्थनेत दुष्काळ व मरी यांच्या जोडीला पिकावरील रोगाचाही उल्लेख आहे. गव्हाचा असा जुना शत्रू म्हणजे तांबेरा. या बुरशीचे काळे, तपकिरी किंवा पिवळे फोड खोडापानांवर उठतात आणि दाणा भरण्याऐवजी सुरकुततो. १९४६-४७ साली मध्य हिंदुस्थानात काळ्या तांबेऱ्याने हाती येणारे पीक हिरावून नेले. या शत्रूशी झुंजण्यात ज्यांनी उमेदीची वर्षे वेचली, त्या डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म २६ मे १९०६ रोजी पंजाबात झाला. वडील ब्रह्मदेशात डॉक्टर असल्यामुळे शिक्षण तिकडेच झाले. रंगूनहून ते केंब्रिजला गेले. पिवळ्या तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरतो, हे बिफेन यांनी १९०५ साली तेथेच दाखवून दिले होते. १९३३ साली पाल बिहारमधील पुसा येथील कृषि संशोधन संस्थेत रुजू झाले. काही महिन्यांतच, १५ जानेवारी १९३४ रोजी, मोठा भूकंप होऊन संस्थेची इमारत ढासळली. १९३६ साली संस्था दिल्लीला हलली. पाल यांचे काम मात्र थांबले नाही.

हे काम फार चिकाटीचे. एका ओंबीतील कोवळे पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग त्यावर घालायचे, आणि उगवलेल्या रोपांवर मुद्दाम तांबेरा सोडायचा. जी तगतील त्यांचेच बी पुन्हा पेरायचे. असे पिढ्यान्‌पिढ्या चालते. आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी तांबेरा उन्हाळ्यात डोंगराळ भागात तग धरतो व तेथून मैदानात उतरतो, हे शोधून काढले होते. त्यांच्या अभ्यासाचा या कामाला मोठा आधार मिळाला. इकडे महाराष्ट्रात निफाडलाही केनियाच्या व स्थानिक गव्हाच्या संकरातून ‘केनफाड’ वाण तयार झाले.

१९५४ साली पाल यांचा ‘एन. पी. ८०९’ हा तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा गहू प्रसृत झाला. प्रा. मेहता तो पाहायला उरले नव्हते; १९५० सालीच ते निवर्तले होते.

परंतु तांबेराही आपले रूप पालटतो. आज टिकणारा वाण उद्या बळी पडू शकतो. शिवाय जुने उंच गहू भरपूर खत घातले की लोळत. स्वतःच्या वाणाचा अभिमान धरून पाल अडून बसले नाहीत. १९६५ साली ते भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे महासंचालक झाले. पुढच्याच वर्षी मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे आले, तेव्हा परिषदेची धुरा त्यांच्याकडेच होती.

१९७२ साली त्यांना रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले. ते अविवाहित होते. गुलाबांवर त्यांचे फार प्रेम. अनेक नवे गुलाब त्यांनी निर्माण केले. १४ सप्टेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९९८ साली, युगांडात काळ्या तांबेऱ्याचा नवा वंश आढळला, आणि टिकाऊ समजले गेलेले कित्येक गहू त्यापुढे हरले. म्हणून या शेताची राखण एका माणसाच्या आयुष्यात संपत नाही. आपल्या वाट्याचा पहारा जागेपणी करावा आणि तो पुढच्याच्या स्वाधीन करावा, हेच डॉ. पाल यांच्या चरित्रातून आम्ही शिकलो.