ज्ञानाचे भांडवल उभारणारे डॉ. केतकर

ज्या थोर पुरुषाने जगातील ज्ञान मराठी भाषेत एकत्र आणण्यासाठी आपले आयुष्य वेचले, ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर 'ज्ञानकोशकार' याच नावाने महाराष्ट्रास परिचित आहेत.

त्यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. अमरावती व मुंबई येथे शिक्षण घेऊन १९०६ साली ते अमेरिकेस गेले आणि १९११ साली कॉर्नेल विद्यापीठाचे पीएच.डी. झाले. इंग्रजी वाचकास ब्रिटानिकासारखा कोश उपलब्ध असताना मराठी वाचकाने वंचित का राहावे, हा विचार मनात धरून ते स्वदेशी परतले.

एवढ्या प्रचंड कार्यास पैसा कोठून आणावयाचा? येथे डॉ. केतकरांची व्यवहारदृष्टी आपणा व्यापारी मंडळींस विशेष भावते. कोणा एका धनिकाच्या देणगीवर विसंबून न राहता त्यांनी नागपूर येथे 'ज्ञानकोश मंडळ' ही लिमिटेड कंपनी स्थापन केली, भाग विकून भांडवल जमविले आणि गावोगावी वर्गणीदार मिळविले. पुढे हे कार्य पुण्यास आले. विद्वान सहकाऱ्यांच्या साह्याने १९२०च्या दशकात कोशाचे २३ खंड प्रसिद्ध झाले. पहिले पाच खंड प्रस्तावनारूप असून त्यांत वेदविद्येपासून विज्ञानाच्या इतिहासापर्यंतचे विवेचन आहे. त्यानंतर अकारविल्हे नोंदी येतात. शिवाय सूचीसाठी स्वतंत्र खंड आहे. कार्य संपत आले असता त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या ग्रंथाद्वारे मंडळाचा इतिहास समाजापुढे ठेवला. ज्यांच्या पैशावर कार्य उभे राहिले, त्यांना त्याचा वृत्तान्त मिळाला.

गुजराती ज्ञानकोशही त्यांनी हाती घेतला होता. परंतु तो पूर्णत्वास गेला नाही. १९३१ साली हैदराबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. मान मिळाला, परंतु अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली. मूळच्या जर्मन असलेल्या पत्नी शीलवतीबाई त्या कष्टांत सहभागी होत्या. १० एप्रिल १९३७ रोजी, वयाच्या अवघ्या ५३व्या वर्षी, पुणे येथे त्यांचे देहावसान झाले.

जमाखर्चाच्या वहीत पाहिले तर हा उद्योग त्यांना संपन्न करून गेला नाही. परंतु असंख्य सामान्य वर्गणीदारांच्या छोट्या रकमांतून एका भाषेचे ज्ञानभांडार उभे राहिले. पुढील मराठी कोशकारांस त्यांनीच वाट दाखविली. कोणतीही संस्था चालविताना हे उदाहरण आपण दृष्टीसमोर ठेवावे. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!