प्रकाशरेषांचे अभ्यासक : कावसजी नायगमवाला

ताऱ्यापर्यंत जाऊन तेथील मूठभर द्रव्य आणणे माणसाला शक्य नाही. तरीही तो तारा कोणत्या द्रव्यांचा बनला आहे, हे त्याला सांगता येते. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला म्हणजे त्याचा रंगीत पट पसरतो. त्यास वर्णपट म्हणतात. या पटावर बारीक रेषा दिसतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा आपापल्या ठरलेल्या जागीच उमटतात. जाणत्या माणसाला त्या अक्षरांसारख्या वाचता येतात. ही विद्या आपल्या देशात रुजवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे नाव आदराने घ्यावे लागेल.

कावसजींचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञान व रसायन या विषयांचा अभ्यास केला आणि १८७८ साली ते एम. ए. झाले. पुढे त्याच कॉलेजात ते अध्यापन करू लागले. वर्णपटाच्या अभ्यासाची उपकरणे महाग होती आणि कॉलेजाजवळ तेवढा पैसा नव्हता. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी या कामासाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली व तितकीच रक्कम मुंबई सरकारने घातली. १८८४ साली कावसजी इंग्लंडला गेले. तेथे त्यांना ज्या थोर शास्त्रज्ञांचे मार्गदर्शन लाभले, त्यांत नॉर्मन लॉकियर हे प्रमुख होते. सूर्याच्या प्रकाशात हेलियमची रेषा ओळखणारे म्हणून त्यांची सर्वत्र ख्याती होती. परतल्यावर कावसजींची नेमणूक पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाली आणि १८८८ साली तेथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. वीस इंच व्यासाचा आरसा असलेली तेथील दुर्बीण बराच काळ भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

याच सुमारास विज्ञानाच्या जगात एक वाद चालू होता. मृग नक्षत्रात एक अंधुक तेजोमेघ आहे. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसे. पण ती कोणत्या द्रव्याची, हे कोणास ठाऊक नव्हते. लॉकियर यांच्या मते तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे होते आणि ती रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याची कड होती. असा पट्टा एका बाजूस ठळक असतो व दुसऱ्या बाजूस विरत जातो. तेव्हा लॉकियर यांचे म्हणणे खरे असेल, तर ही रेषाही एका अंगाने पुसट होत जाणारी दिसावयास हवी होती.

कावसजींनी पुण्याहून त्या तेजोमेघाचे वेध घेतले. परिस्थिती बदलून पाहिली, तरी ती रेषा दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव दिसे. पट्ट्याचा मागमूसही आढळेना. ज्यांच्या सल्ल्याने आपण या मार्गाला लागलो, त्यांच्याच सिद्धांताला बाध आणणारा हा निष्कर्ष होता. लॉकियर यांचा अधिकार मोठा होता आणि कावसजी परतंत्र देशातील एक तरुण प्राध्यापक होते. गप्प राहणे सोयीचे होते. परंतु उपकरणाने जे दाखवले ते लपवणे त्यांना मान्य नव्हते. १८९१ साली त्यांनी आपली निरीक्षणे लंडनच्या खगोलशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे १९२७ साली आयरा बोवेन या शास्त्रज्ञाने ते कोडे सोडवले. ती रेषा मॅग्नेशियमची नव्हती. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या अणूंची होती. कावसजींचे डोळे खरे ठरले.

१८९६ साली खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी कावसजी नॉर्वेला गेले. पण ऐन वेळी आकाश ढगांनी भरले आणि एवढा प्रवास व्यर्थ गेला. ते खचले नाहीत. २२ जानेवारी १८९८ रोजी चंद्राची छाया महाराष्ट्रावरून जाणार होती. विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर येऊन, सह्याद्री ओलांडून, कऱ्हाडच्या बाजूने सातारा जिल्हा कापीत ती सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे सरकली. सांगली शहर या छायेच्या पट्ट्याबाहेर राहिले; तेथे ग्रहण खंडग्रास होते. लॉकियर विजयदुर्गास उतरले होते; कावसजींनी जेऊरला तळ दिला. त्या दिवशी आकाश निरभ्र होते. सुमारे दोन मिनिटांच्या त्या अंधारात सूर्याभोवतीच्या तप्त वायूंच्या वर्णपटांची छायाचित्रे घेण्यात त्यांना यश आले. १९०२ साली त्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला.

१९१२ साली कावसजी निवृत्त झाले. त्यांच्यामागे हे काम चालवील असा कोणी राहिला नाही. वेधशाळा बंद झाली आणि तेथील दुर्बीण व इतर उपकरणे दक्षिणेत कोडाईकनालला पाठवण्यात आली. हाताने उभे केलेले काम डोळ्यांदेखत मोडलेले पाहणे त्यांच्या नशिबी आले. १९३८ साली त्यांचे निधन झाले.

परंतु विद्या उपकरणांबरोबर नाहीशी होत नाही. १९६३ साली अतिदूरचे व अतितेजस्वी असे क्वेसार ओळखले गेले. १९६५ साली गन व पीटरसन यांनी असे दाखवले, की दीर्घिकांमधील विरळ हायड्रोजनचे अणू अखंड असते, तर क्वेसारच्या प्रकाशातील एक विशिष्ट भाग त्यांनी गिळून टाकला असता. पण तो प्रकाश पुष्कळसा आपल्यापर्यंत पोचतो. म्हणजे तेथील जवळजवळ सर्व हायड्रोजनने आपले इलेक्ट्रॉन गमावले आहेत. २००१ साली मात्र एका फार दूरच्या क्वेसारच्या वर्णपटात तो भाग पूर्ण काळा आढळला. विश्व शंभर कोटी वर्षांचेही नव्हते, तेव्हाचा तो प्रकाश होता. त्या काळी अखंड हायड्रोजन पुष्कळ अधिक शिल्लक होता. पुण्यातील वेधशाळा सुरू झाल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, त्याच शहरात ‘आयुका’ ही संस्था स्थापन झाली आणि तेथील संशोधकही क्वेसारच्या वर्णपटांतून वाटेतील वायूचा शोध घेऊ लागले. रेषा जशी दिसते तशीच नोंदवावी, ती कोणाच्या मताला अनुकूल आहे हे पाहू नये, हा कावसजींचा नियम आजही या शास्त्राचा पाया आहे.