सावनेरच्या झाडांमागचा जर्मन शास्त्रज्ञ

बुरशी म्हणजे रोग, हे समीकरण आपल्या मनात पक्के असते. ते खोडून काढणारे आल्बेर्ट बर्नहार्ड फ्रँक मात्र स्वतःच वनस्पतिरोगांचे तज्ज्ञ होते.

फ्रँक यांचा जन्म १८३९ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे झाला. १८८० मध्ये त्यांनी वनस्पतींच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढच्याच वर्षी ते बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तिथे प्रशियाच्या सरकारने त्यांच्यावर वेगळेच काम सोपवले. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी महागडी अळिंबी. तिची लागवड करता येईल का, हे पाहायचे होते.

ट्रफल झाडांच्या मुळांशी सापडते, म्हणून फ्रँक मुळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासू लागले. ओक, बीच, हेझल या झाडांच्या कोवळ्या मुळांवर बुरशीच्या तंतूंचे दाट आवरण होते. तरीही झाडे ठणठणीत होती.

ट्रफलची लागवड काही साधली नाही. पण ही बुरशी मातीतले पाणी आणि अन्नद्रव्ये झाडाला पोचवते, असे फ्रँक यांनी १८८५ मध्ये मांडले. बुरशीला त्यांनी दूधआईची उपमा दिली. ग्रीक भाषेतील बुरशी आणि मूळ या अर्थांचे शब्द जोडून त्यांनी या जोडीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. दोन वर्षांनी त्यांनी तिचे दोन प्रकार केले: मुळावर आवरण घालणारी आणि मुळाच्या आत शिरणारी.

रॉबर्ट हार्टिग यांच्यासारख्या नामवंत वनशास्त्रज्ञांना हे पटले नाही. त्यांच्या मते बुरशी परजीवीच होती. फ्रँक यांनी पाइनची काही रोपे जंगलातल्या मातीत, तर काही निर्जंतुक केलेल्या मातीत वाढवली. बुरशी असलेल्या मातीतली रोपे अधिक जोमाने वाढली. तरी १९०० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा वाद मिटलेला नव्हता. १९५० मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी किरणोत्सर्गी स्फुरद वापरून दाखवले, की बुरशीचे तंतू तो खरोखरच पाइनच्या रोपापर्यंत नेतात. त्या बदल्यात झाड बुरशीला साखर देते.

हेच ज्ञान पुढे नागपूर जिल्ह्यात कामी आले. सावनेर तालुक्यात गुमगावला मँगनीजची खाण आहे. अशा खाणीतून निघालेल्या मातीच्या ढिगाऱ्यात सेंद्रिय कर्ब आणि नत्र जेमतेम, धातू मात्र भरपूर. तिथे झाड जगत नाही आणि पावसात माती नाल्यांत वाहून जाते. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने गुमगावच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यातला प्रेसमड घातला. रोपांच्या मुळांशी मायकोरायझा आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू दिले. उजाड ढिगाऱ्यावर साग, शिसम अशी झाडे वाढली. ही बुरशी फ्रँक यांनी सांगितलेल्या दुसऱ्या, मुळाच्या आत शिरणाऱ्या प्रकारची.

मायकोरायझा पाणी गाळून शुद्ध करत नाही. पण तिच्या आधाराने झाडे तगतात, मुळे आणि तंतू माती धरून ठेवतात आणि धातू मिसळलेला गाळ ओढ्यात कमी जातो. मात्र स्फुरदयुक्त खताचा मारा केला, तर झाड या बुरशीला फारसा थारा देत नाही. पावसाळ्यात रोप लावताना खड्ड्यात खताची मूठ टाकण्याआधी एवढे लक्षात ठेवायला हवे.